रोज वीस आयुष्यं

साडेतीन वर्षांची एक मुलगी धरू. नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर ती राहते आणि सकाळी अंगणवाडीत जाते. तिचं नाव सेविकेकडच्या कुटुंबांच्या रजिस्टरात आहे. खाऊ मिळाला म्हणून आहारवाटपाच्या रजिस्टरात आहे. गाणी-गोष्टींना बसली म्हणून पूर्वशालेय शिक्षणाच्या हजेरीत आहे. लस टोचली ती लसीकरणाच्या रजिस्टरात, जीवनसत्त्व अ चा डोस पाजला तो त्याच्या वेगळ्या रजिस्टरात आणि महिन्याचं वजन वजनाच्या रजिस्टरात. वजन कमी भरलं तर गृहभेटींच्या रजिस्टरात तिची नोंद होणार, दवाखान्यात पाठवावं लागलं तर संदर्भसेवेच्या रजिस्टरात. महिनाअखेर गोषवाऱ्यात ती एक आकडा म्हणून मोजली जाणार.

झाली नऊ ठिकाणं. अंगणवाडीच्या नोंदींचे देशभरासाठी नवे नमुने ठरले तेव्हा रजिस्टरांची संख्या अकरा झाली. त्यातलं आहाराच्या साठ्याचं आणि गरोदरपण-बाळंतपणाचं सोडलं, तर उरलेल्या नऊही रजिस्टरांत ही एक मुलगी येऊ शकते. तिला स्वतःचं नाव अजून लिहिता येत नाही, पण तिच्यासाठी ते आठदा लिहिलं जातं, आणि नवव्यांदा ती आकडा होते.

देशात जवळपास 14 लाख अंगणवाड्या आहेत. प्रत्येकी अकरा म्हटलं तर 1 कोटी 54 लाख रजिस्टरं झाली. हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, कारण कोटी म्हटलं की आपली कल्पनाशक्ती तिथेच थांबते. म्हणून मी दुसऱ्या मापाने मोजून पाहिलं आणि त्या मापाने मला झोप लागू दिली नाही.

माणूस 35 वर्षं नोकरी करतो असं धरा. वर्षाचे 250 दिवस, दिवसाचे 8 तास. गुणाकार केला की 70 हजार तास होतात. एका माणसाचं नोकरीतलं सगळं आयुष्य, रुजू झाल्यापासून निरोपाच्या नारळापर्यंत, या 70 हजार तासांत बसतं. आता समजा, सेविकेचा लिहिण्यात आणि मोबाईलवर भरण्यात रोज फक्त एक तास जातो. कुठल्याही सेविकेला विचारा, ती हा अंदाज कमी आहे म्हणेल. पण एकच धरू. 14 लाख सेविका, 14 लाख तास. भागिले 70 हजार.

उत्तर येतं वीस. म्हणजे रोज वीस माणसांची अख्खी नोकरी एका दिवसात लिहिण्यावर खर्च होते. उद्या आणखी वीस, परवा आणखी वीस. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले तर 6 हजार. एकट्या महाराष्ट्रात 1 लाख 10 हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. त्यांचा हिशेब रोज दीड आयुष्याच्या पुढे जातो. हे तास मुलांच्या वाट्याचे होते. याच वेळात ज्या बाळाचं वजन तीन महिने जागचं हललेलं नाही त्याच्या घरी जाऊन आईशी बोलायचं असतं, चूल बघायची असते, दंडघेराची फीत पुन्हा एकदा लावून बघायची असते. दंडघेर लाल पट्ट्यात आला तर त्या बाळाचा जीव धोक्यात आहे, आणि त्याला शोधायला त्याच्या दारात जावं लागतं.

मोबाईल आला तेव्हा हे ओझं उतरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. केंद्राचं पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च 2021 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी मोबाईल वापसीचं आंदोलन केलं. आधीच्या योजनेत राज्यभर लाखाहून जास्त फोन वाटले होते. ते 2 जीबी रॅमचे, तापणारे, अडकणारे फोन सेविकांनी गठ्ठ्यांनी प्रकल्प कार्यालयांच्या दारात नेऊन ठेवले. ॲप मराठीतून हवं, ही त्यांची आणखी एक मागणी. ज्या बाई गावातली प्रत्येक गरोदर सून नावानिशी ओळखतात, त्यांना त्या सुनेचं नाव इंग्रजी अक्षरांत भरायला लावणं मला अन्यायाचं वाटतं, तेव्हाही वाटलं होतं.

पुढे 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि अर्ज भरून घेण्याच्या कामाला सेविकांनाही लावलं गेलं. एका अर्जामागे 50 रुपये भत्ता जाहीर झाला. अर्ज अडीच कोटींच्या घरात गेले. एका अर्जाला पाव तास धरा. साडेबासष्ट लाख तास, म्हणजे 89 आयुष्यं. 2025 मध्ये त्याच बायकांची पुन्हा ई-केवायसी सुरू झाली. ज्यांनी वर्षभरापूर्वी आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड दिलं होतं, त्या पुन्हा ओटीपीची वाट बघत बसल्या. आणि 1 जुलै 2025 पासून अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याची पडताळणी बंधनकारक झाली. चेहरा पटला तर पाकीट. वस्तीवर रेंज नसेल, तर बाळ कडेवर घेतलेली आई आणि हात वर करून फोन धरलेली सेविका दोघी अंगणात उभ्या. दोघी एकमेकींना लग्न होऊन आल्या दिवसापासून ओळखतात.

सेविकेच्या मानधनातला केंद्राचा वाटा 2018 मध्ये 4,500 रुपये ठरला. त्यानंतर पोषण ट्रॅकर आलं, ई-केवायसी आली, चेहऱ्याची पडताळणी आली, आकडा तोच राहिला. राज्याने आपल्या वाट्यात भर घातली, तीही 4 डिसेंबर 2023 पासून पन्नासहून जास्त दिवस संप केल्यावर.

आता अंगणवाडीतून निघून चावडीकडे जाऊ.

महसूल खात्याचे गाव नमुने 1 ते 21. आकारबंदापासून सुरुवात होते, मग वन जमिनी, बिनशेती, फेरफार, सातबारा, आठ-अ, पीकपाणी, लोकसंख्या आणि गुरंढोरं, पाणीपुरवठ्याची साधनं, आवक-जावक. काही नमुन्यांना पोटनमुने आहेत: सहाला 6-अ, 6-क, 6-ड, सातला 7-अ, आठला चार. ते बाजूला ठेवले तरी एका गावाचे 21. शेजारच्या ग्रामपंचायतीत 2011 च्या लेखासंहितेप्रमाणे नमुने 1 ते 33. राज्यात महसुली गावं 44 हजारांच्या आसपास, ग्रामपंचायती 28 हजारांच्या आसपास. गुणाकार करून बघा. 44 हजार गुणिले 21, उत्तर 9 लाख 24 हजार. 28 हजार गुणिले 33, उत्तर पुन्हा 9 लाख 24 हजार. चावडी आणि पंचायत दोघींनी जणू बोलून ठरवून सारखा भार वाटून घेतला आहे. मिळून साडेअठरा लाख वह्या, आणि या दोन्ही कचेऱ्यांत बहुतेक ठिकाणी लिहिणारा माणूस एकेकच. तोही दोन-तीन गावांना मिळून. 2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. वह्यांची संख्या कमी झाली नाही.

नांदगावची एक अडचण तर जगावेगळी आहे. तालुक्यातलं सगळ्यात मोठं गाव मनमाड. 2011 च्या जनगणनेत त्याची वस्ती 80 हजारांच्या घरात होती, नांदगावच्या तिपटीहून जास्त. रेल्वेचं जंक्शन तिथे, गर्डर बनवणारा रेल्वेचा जुना कारखाना तिथे, अन्न महामंडळाची अवाढव्य गोदामं तिथे, पानेवाडीला इंधन कंपन्यांचे डेपो. पण तहसील कचेरी नांदगावला. म्हणून मनमाडच्या माणसाला तहसीलचं काम पडलं की पंचवीसेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. गाडी मिळाली तर रेल्वेने, नाही तर रस्त्याने. साहेब मीटिंगला गेले असले, सर्व्हर डाऊन असला, किंवा एखादी झेरॉक्स कमी पडली की पुन्हा उद्या. घासातल्या खड्यासारखा हा "उद्या" नेमका नको तिथे दाताखाली येतो. रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसाची हजेरी मिळत नाही, आणि ती बुडालेली हजेरी कुठल्याच नमुन्यात लिहायची सोय नाही.

राज्यात सातबारे अडीच कोटींहून जास्त आहेत. प्रत्येक सातबारा एकाच पानावर छापला आणि ती पानं एकावर एक रचली, तर ढीग अडीच किलोमीटर उंच होईल. कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. ढीग त्याच्या माथ्यावर आणखी साडेआठशे मीटर जाईल. पण वजनाने बघितलं तर मी स्वतः चकित झालो. ए-फोर कागद 5 ग्रॅमचा असतो. अडीच कोटी कागद म्हणजे 125 टन. मनमाडच्या यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीच्या दोन वाघिणींत अख्ख्या महाराष्ट्राची जमीन कागदावर मावेल.

कागद असा हलका आहे. जड आहे तो हेलपाटा. एका सातबाऱ्यामागे आयुष्यात एकच हेलपाटा धरा, तोही अर्ध्या दिवसाचा, 4 तासांचा. दहा कोटी तास. 1,428 आयुष्यं. आणि सातबाऱ्यासाठी आयुष्यात एकच हेलपाटा घातलेला शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

म्हणूनच 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आजही आहे. घरबसल्या 15 रुपयांत उतारा निघतो, त्यावर सही असते, कुणापुढे उभं राहावं लागत नाही. ज्या कामात संगणकाने माणसाचा वेळ खरोखर वाचवला त्यात हे फार वरचं आहे. पण उतारा मिळणं सोपं झालं. उताऱ्यावरची नोंद बदलणं अजून जड आहे. बाप गेला, वारस लावायचे. मृत्यूचा दाखला, वारसांचा अर्ज, स्वयंघोषणापत्र. आधी 6-क च्या वारस रजिस्टरात नोंद, मग नमुना सहाच्या फेरफारात, मग हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर. एका बहिणीचा पत्ता सापडला नाही, किंवा आधारवर आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग जुळलं नाही, की त्रुटीची पूर्तता करा. माणसं कंटाळतात आणि सोडून देतात. मग आजोबांच्या नावावरची जमीन नातू कसतो, त्यावर कर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, नुकसानभरपाई आजोबांच्या नावाने येते. हे इतक्या गावांत झालं की 2025 मध्ये सरकारला राज्यभर "जिवंत सातबारा" नावाची मोहीम काढावी लागली, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी.

मनमाडला रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले पुष्कळ लोक आहेत. ते दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतात. 2014 पासून तो बोटाच्या ठशावर डिजिटलही देता येतो, 2021 पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही, आणि अलीकडच्या वर्षांत एकेका मोहिमेत देशभरातून दीड कोटींच्या आसपास डिजिटल दाखले भरले गेले. म्हणजे एका खात्यात जिवंत माणसाने दर वर्षी मी आहे असं सांगायचं, आणि दुसऱ्या खात्यात वीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस खातेदार म्हणून नांदतो. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीतच होते. तिथून चावडी फार तर दोनशे पावलांवर असते. तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपोआप गेला पाहिजे, एवढंच मागणं आहे, आणि ते काही अवघड नाही.

कांद्याचं घ्या. 2023 च्या फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव इतका पडला की नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत गाडीभाडंही निघेना. मार्चच्या मध्यावर अनुदान जाहीर झालं: क्विंटलला 350 रुपये, शेतकऱ्याला जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, आणि 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात विकलेल्या कांद्याला. म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 70 हजार रुपये. नांदगाव-मनमाडच्या शेतकऱ्यांना हा आधारच होता. पण अट अशी की सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद हवी. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झालेली. शेतकऱ्याने स्वतः रानात उभं राहून फोटो काढून पीक नोंदवायचं. ज्यांनी खरिपात ती नोंद केली नव्हती, त्यांना आता मागे जाऊन करता येणार नव्हती. पीक निघालं होतं, गोणीत भरलं होतं, काट्यावर चढलं होतं, विकलंही होतं. हातात आडत्याची हिशोबपट्टी होती, बाजार समितीची वजनपावती होती. तरी कांदा पिकवल्याचा पुरावा हवा होता.

ओरड झाली, तेव्हा नोंद नसलेल्यांसाठी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक अशा तिघांची समिती नेमून खातरजमा करायचं ठरलं. तिघांनी मिळून जे रान बघायचं, त्या रानात तोवर काहीच उभं नव्हतं. शेवटी राज्यात तीन लाखांहून जास्त शेतकरी पात्र ठरले, हप्त्या-हप्त्याने पैसेही मिळाले. पण मला त्या तीन लाख फायलींचा विचार सुटत नाही. अर्ज, सातबारा, पट्टी, पासबुक, आधार, एवढं जरी धरलं तरी फाईलमागे पाच-सहा कागद. पंधरा-अठरा लाख पानं, एक-दीड महिन्यात, ऐन उन्हाळ कांद्याच्या काढणीत. वजनकाट्याची पावती बाजार समितीकडे होतीच. पैसे देणाऱ्याने तिथेच बघितलं असतं तर शेतकऱ्याला झेरॉक्सच्या रांगेत यावंच लागलं नसतं.

त्याच वर्षी एक रुपयात पीक विमा आला. खरिपात अर्ज आले 1 कोटी 70 लाखांच्या आसपास. शेतकऱ्यांनी दिलेले एकूण पैसे, एक रुपयाप्रमाणे, 1 कोटी 70 लाख. अर्ज भरून देणाऱ्या सुविधा केंद्राला विमा कंपनीने द्यायचे दर अर्जामागे 40 रुपये. सगळे अर्ज केंद्रांतूनच भरले असं धरलं तर तो खर्च 68 कोटी. शेतकऱ्याने भरलेल्या विम्याच्या हप्त्यापेक्षा तो हप्ता भरण्याचा फॉर्म चाळीसपट महाग. केंद्रवाल्याचे चाळीस रुपये जास्त आहेत असं मी म्हणत नाही. त्याला वीज, इंटरनेट, दुकानभाडं सगळं त्यातूनच भागवायचं असतं. ज्या जमिनीची, ज्या माणसाची, ज्या खात्याची सगळी माहिती सरकारच्या संगणकात आधीच होती, ती कोट्यवधी वेळा पुन्हा टाईप झाली, हे मला सहन होत नाही.

कागदाचा राग मला नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. कागदाने गरिबाला तारलेलं आपण पाहिलं आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी मोडी कागद आहेत; त्यातून गो. स. सरदेसायांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत 45 खंड छापले आणि मराठ्यांचा इतिहास नव्याने दिसू लागला. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा पहिल्या टप्प्यात पावणेदोन कोटींच्या आसपास नोंदी तपासल्या गेल्या आणि 11,530 सापडल्या. दीड हजार नोंदी उलटाव्यात तेव्हा एक. मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यातून बोलावली, रेकॉर्ड रूममधले रुमाल सोडले, वाळवी लागलेली पानं फुंकर मारून उघडली. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा कारकुनाने बोरूने नीट लिहिलेली एक ओळ आज कुणाच्या मुलाच्या प्रवेशाला उपयोगी पडली. असं लिहिणं मला हवं आहे. एकदा, नीट, आणि सापडेल असं. आज ज्या वेगाने आपण तेच नाव ठिकठिकाणी लिहितो आहोत, त्यातलं शंभर वर्षांनी कुणाला काय सापडणार?

उद्योग करणाऱ्याचं वेगळं नाही. 2022 मध्ये ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनच्या एका अहवालाने देशातले उद्योगांचे नियम मोजले. उद्योगांना लागू होणारे कायदे 1,536. त्यांतली अनुपालनं 69,233. त्यातल्या 26,134 ठिकाणी चुकलं तर तुरुंगाची तरतूद. पाचातल्या जवळजवळ दोन. सगळी एकाच माणसाला लागू होत नाहीत, हे खरं. पण दीडशेहून जास्त कामगारांचा साधा कारखाना धरला तरी वर्षाला 500 ते 900 अनुपालनं आणि 12 ते 18 लाख रुपये खर्च, असा त्याच अहवालाचा अंदाज. कामाचे 300 दिवस धरले तर रोज दोन-तीन. फाउंड्रीत, तेलघाणीत, पॅकिंगच्या शेडमध्ये मालक यंत्राजवळ दिसायला हवा. तो सीएच्या कचेरीत दिसतो.

हे कमी होऊ शकतं, याचा पुरावाही आहे. 2017 मध्ये केंद्राने नऊ कामगार कायद्यांखालची 56 रजिस्टरं आणि फॉर्म मोडून पाच सामायिक रजिस्टरं केली. त्यातले भरायचे रकाने 933 होते, ते 144 झाले. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. कुणीतरी खुर्चीवर बसून 933 रकाने एकेक करून वाचले असतील आणि प्रत्येकाला विचारलं असेल, तू कशाला आहेस? 789 रकान्यांना उत्तर देता आलं नाही. आणि ते गेल्यावर कुणाचं काही अडलं नाही. 21 नोव्हेंबर 2025 ला 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. जनविश्वास कायद्याने 2023 मध्ये 42 कायद्यांतल्या 183 तरतुदींतली फौजदारी शिक्षा काढली किंवा सौम्य केली. हे सगळं चांगलं झालं. अंगणवाडीच्या आणि चावडीच्या रकान्यांपुढे असं कुणी बसलेलं नाही.

बाहेरच्या जगात तरी वेगळं आहे का? सी. नॉर्थकोट पार्किन्सनने 1955 मध्ये ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडले होते. 1914 ते 1928 या काळात मोठी लढाऊ जहाजं 62 वरून 20 वर आली, आणि नौदलाच्या कचेरीतले अधिकारी 2,000 वरून 3,569 झाले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या चुनखडीच्या खाणीत, जमिनीखाली 230 फुटांवर, सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या फायली ठेवलेल्या आहेत आणि शेकडो कारकून तिथे त्या हाताने निकाली काढत आले आहेत. 1977 मध्ये एका प्रकरणाला सरासरी 61 दिवस लागायचे. मधे संगणक आले, इंटरनेट आलं, कोट्यवधी डॉलर खर्चून तीनचारदा नव्या यंत्रणा करून बघितल्या. 2013 मध्ये लागायचे 61 दिवस.

पण त्याच अमेरिकेत एक गोष्ट आहे जी मला इथे हवी आहे. 1980 मध्ये तिथे कागदपत्रं कमी करण्याचा कायदा झाला. त्यानुसार केंद्र सरकारच्या फॉर्मवर मंजुरीचा क्रमांक लागतो, आणि फॉर्म भरायला सरासरी किती मिनिटं लागतील हे फॉर्मवरच छापावं लागतं. सगळ्या फॉर्मांची बेरीज दर वर्षी होते: 1,000 कोटी तासांहून जास्त. आपल्या मापाने 1 लाख 42 हजार आयुष्यं, दर वर्षी. कायद्याने ओझं कमी झालं नाही, उलट वाढत गेलं. तरी ते किती आहे हे तिथल्या माणसाला सांगता येतं. आपल्याकडे किती तास जातात ते कुणालाच सांगता येत नाही, कारण कुणी मोजलेलेच नाहीत. या लेखातल्या आयुष्यांचे सगळे आकडे मला "समजा एक तास", "धरा पाव तास" असं म्हणून काढावे लागले, ते त्यामुळेच.

2011 च्या जनगणनेला 34 कोटी फॉर्म छापले होते आणि 27 लाख कर्मचारी घरोघर गेले होते, त्यातले बहुतेक शिक्षक. ते फॉर्म ए-फोरएवढेच धरून एकापुढे एक ठेवले तर पृथ्वीला अडीच वेढे पडतील. थप्पी करून आडवी ठेवली तर 34 किलोमीटर. मनमाड स्टेशनात सुरू होऊन नांदगाव ओलांडून न्यायडोंगरीच्या वाटेला लागेल. एवढं मोजणारा देश आपण आहोत. गुरं मोजतो, विहिरी मोजतो, झाडं मोजतो. सेविकेचा लिहिण्यात गेलेला तास मोजायला यापेक्षा कितीतरी कमी खटपट लागेल.

तालुक्यातलं एक बीट घ्यावं. वीस-पंचवीस अंगणवाड्या. महिनाभर प्रत्येक सेविकेजवळ एक घड्याळ आणि एक कोरी वही द्यावी. रजिस्टर उघडलं की वेळ, मिटलं की वेळ, ओटीपी येईपर्यंत किती मिनिटं, चेहरा पटेपर्यंत किती. शेजारच्या दोन तलाठी सजांत चावडीबाहेर थांबलेल्या माणसांना विचारावं, कितवा हेलपाटा. महिन्याने बेरीज करून ती मंत्रालयात पाठवावी. राज्य सरकारच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी अठरा अंकी संगणक संकेतांक छापलेला असतो. त्याच्या खालच्या ओळीत आणखी एक आकडा छापला जावा: या निर्णयामुळे नवे रकाने किती, ते कोण भरणार आणि त्या माणसाचे वर्षाला किती तास जाणार. सही करणाऱ्या अधिकाऱ्याने तो आकडा वाचून मगच सही करावी.